नजर बसते तेव्हा

९६ मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ४ मिलिलिटर ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड मिसळले की घरातल्या व्हिनेगरइतके सौम्य द्रावण तयार होते. ते कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखावर लावायचे, एक मिनिट थांबायचे आणि चांगल्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी पाहायचे. ज्या भागातील पेशी कर्करोगाच्या दिशेने बदलू लागलेल्या असतात, त्यांतील वाढलेली प्रथिने या आम्लामुळे तात्पुरती गोठतात आणि तो भाग पांढरा दिसू लागतो. व्हीआयए या नावाने ओळखली जाणारी तपासणी एवढीच आहे. तिला प्रयोगशाळा लागत नाही, वीज गेली तर चांगल्या टॉर्चवर भागते आणि निकाल त्याच जागी, त्याच वेळी कळतो. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील एएनएम म्हणजे आरोग्यसेविका आणि परिचारिकांना ही तपासणी शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे, आणि प्रत्येक तुकडीत पहिल्या दिवशी कोणीतरी हमखास म्हणते, “मॅडम, एवढंच असतं होय!”

दुसऱ्या दिवशी छायाचित्रांचा संच समोर येतो आणि मग कोणी तसे म्हणत नाही. कारण गर्भाशयमुखावर पांढरे दिसणारे सगळेच धोक्याचे नसते. साधा दाह असेल तरी फिकट पांढरट डाग उमटतात. पेशींचा एक थर जाऊन दुसरा येण्याची नैसर्गिक प्रक्रिया चालू असेल तर तिथेही पांढरटपणा येतो. छोट्या गाठी मण्यांसारख्या चमकतात. खरा संशयास्पद डाग दाट, अपारदर्शक, ठळक कडांचा असतो आणि दोन प्रकारच्या पेशींचे थर जिथे मिळतात त्या रेषेला तो चिकटून असतो. शिवाय रजोनिवृत्तीनंतर ही रेषाच आत सरकते, म्हणजे जिथे पाहायचे तीच जागा दिसेनाशी होते आणि पन्नाशीपुढच्या स्त्रीमध्ये ‘काही नाही’ या निकालाला फारसा अर्थ उरत नाही. हे सारे वाक्यांत सांगता येते, पाठही करून घेता येते. पण नजर बसायला शेकडो तपासण्या कराव्या लागतात आणि त्या करत असताना शेजारी कोणीतरी जाणकार उभे असावे लागते. अनुभवी डॉक्टरांना एकाच छायाचित्रावर मत विचारले तरी ते दर वेळी जुळत नाही, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. मग आठवड्याभराच्या वर्गातून बाहेर पडलेल्या परिचारिकेकडून आपण नेमकी कसली खात्री मागत असतो?

या प्रश्नाचा विचार करताना मी नेहमी उस्मानाबाद जिल्ह्याकडे, म्हणजे आताच्या धाराशिवकडे, येऊन थांबते. निदान-तंत्रे शिकवण्यासाठी होणाऱ्या आंतरराष्ट्रीय संशोधन-भागीदाऱ्यांबद्दल बोलताना जिनिव्हा, सिएटल, लंडन ही नावे सहज तोंडी येतात. पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कशी करावी, याबद्दल जगाला मिळालेल्या सर्वांत भक्कम पुराव्यांपैकी एक पुरावा परंडा, भूम, कळंब या बाजूच्या जिल्ह्यातून आला, आणि तो उभा करण्यात आमच्याच भागातील परिचारिकांचा, तंत्रज्ञांचा आणि डॉक्टरांचा हात होता, हे आमच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनाही बहुधा ठाऊक नसते.

ऑक्टोबर १९९९ मध्ये हा अभ्यास सुरू झाला. फ्रान्समधील लियों शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय असे तीन भागीदार होते. पैसा गेट्स प्रतिष्ठानचा होता. गावांचे ५२ समूह केले आणि यदृच्छ पद्धतीने त्यांची चार गटांत वाटणी केली. एका गटातील स्त्रियांची एचपीव्ही या, हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूसाठी तपासणी झाली, दुसऱ्यातील स्त्रियांची पॅप स्मिअर म्हणजे काचेवर पेशी घेऊन, तिसऱ्यातील स्त्रियांची व्हीआयए, आणि चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा तेवढी मिळाली. ३० ते ५९ वयोगटातील एकूण १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. तपासणी आयुष्यात एकदाच व्हायची आणि त्यानंतर वर्षानुवर्षे कोणाला कर्करोग झाला, कोणाचा मृत्यू झाला, याची नोंद ठेवायची होती.

ही नोंद ठेवता येईल असा विश्वास लियोंच्या लोकांना कशामुळे वाटला, हे माझ्या मते या कथेचे मर्म आहे. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू होती. भारतातील ती अशी पहिलीच. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतील गावांतून डॉ. भगवान नेने, डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभी केली. शहरात कर्करोगाची नोंद रुग्णालयांच्या आणि प्रयोगशाळांच्या कागदांवरून होते. खेड्यात निदानच झाले नाही तर कागद कुठून येणार? म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव जात, लोकांशी बोलत, अंगावरून रक्त जाणे, न भरणारी जखम, छातीतील गाठ अशी लक्षणे समजावत आणि संशय आला की रुग्णाला बार्शीला आणत. नोंद करण्यासाठी सुरू झालेल्या या फिरतीचा एक परिणाम असा दिसला की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात रुग्णालयात येऊ लागल्या. यंत्र नाही, चाचणी नाही, फक्त नियमित येणारा माणूस. परदेशी भागीदार आला तो या पायावर. मोठ्या प्रकल्पांच्या वर्णनांत ‘क्षमता-बांधणी’ हा शब्द मोकळ्या हाताने वापरलेला असतो, जणू पाहुणे येण्याआधी इथे काही नव्हतेच. बार्शीत क्षमता आधी होती. भागीदारीने तिला नवी साधने आणि कडक शिस्त दिली, आणि तीही काही कमी गोष्ट नव्हे.

शिस्त म्हणजे काय, ते जरा तपशिलाने सांगायला हवे. व्हीआयए करणाऱ्या एएनएम इथल्याच होत्या, त्यांना प्रशिक्षण देऊन तयार केले गेले. त्यांनी ‘संशयास्पद’ म्हटलेल्या स्त्रीला कॉल्पोस्कोप या भिंगाच्या दुर्बिणीखाली डॉक्टर पुन्हा पाहत आणि गरज असेल तर तुकडा काढून पॅथॉलॉजीकडे पाठवत. म्हणजे परिचारिकेच्या प्रत्येक ‘हो’ला पुढे एक उत्तर होते आणि ते तिच्यापर्यंत पोहोचू शकत होते. पेशींच्या काचा वाचण्यासाठी तंत्रज्ञ तयार झाले. ज्यांनी पॅप स्मिअरची काच वाचली आहे त्यांना माहीत असते की चूक बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधी होते: काचेवर पसरवलेल्या पेशी लगेच अल्कोहोलात बुडवल्या नाहीत आणि वाऱ्यावर सुकल्या, तर नंतर कितीही चांगली नजर असली तरी केंद्रकाचा तपशील हाती लागत नाही. म्हणून काच वाचणाऱ्याइतकेच ती घेणाऱ्या हातालाही शिकवावे लागते. एचपीव्हीची चाचणी, जिला हायब्रिड कॅप्चर म्हणतात, तेव्हा ९६ कप्प्यांच्या पट्टीवर चाले. नमुने साठवून एकदम लावायचे, प्रत्येक फेरीत नियंत्रण-नमुने, म्हणजे ज्यांचा निकाल आधीच माहीत आहे असे नमुने, ठेवायचे, ते बरोबर आले नाहीत तर संपूर्ण फेरी रद्द करायची. असल्या चाचणीची प्रयोगशाळा तालुक्याच्या गावात चालवून दाखवणे त्या काळी साधी बाब नव्हती. याच सुमारास, २००३ मध्ये, लियोंच्या संस्थेने व्हीआयएची आणि कॉल्पोस्कोपीची दोन मार्गदर्शक पुस्तके प्रसिद्ध केली. त्या संस्थेत तपासणी विभागाचे प्रमुख असलेले डॉ. आर. शंकरनारायणन हे केरळातून गेलेले, दोन्ही पुस्तकांच्या लेखकांपैकी एक. आजही वर्गात मी जी छायाचित्रे दाखवते, त्यांतील पुष्कळशी त्याच परंपरेतील आहेत.

पहिले निष्कर्ष २००५ मध्ये आले. व्हीआयए केलेल्यांपैकी १४ टक्के स्त्रिया ‘संशयास्पद’ ठरल्या होत्या, एचपीव्ही गटात सुमारे १० टक्के, पेशी-तपासणीत म्हणजे पॅप स्मिअरमध्ये ७ टक्के. कर्करोगाआधीच्या गंभीर बदलांचे निदान मात्र तिन्ही गटांत जवळपास सारखे होते: व्हीआयएने ०.७, एचपीव्हीने ०.९ आणि पेशी-तपासणीने १.० टक्के. हे वाचून मला तेव्हा मनापासून आनंद झाला होता. व्हिनेगर आणि टॉर्चवर काम करणारी परिचारिका प्रयोगशाळेच्या फारशी मागे नाही, असा त्याचा अर्थ मी लावला, आणि आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांना तो अर्थ सोयीचाही होता.

एप्रिल २००९ मध्ये अंतिम निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाले आणि चित्र पालटले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात तुलनेच्या, म्हणजे नेहमीचीच सेवा मिळालेल्या, गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ६४ स्त्रिया दगावल्या होत्या, एचपीव्ही गटात ३४. बळावलेल्या अवस्थेतील कर्करोग तुलनेच्या गटात ८२ जणींना, तर एचपीव्ही गटात ३९ जणींना झाला होता. एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पेशी-तपासणीच्या आणि व्हीआयएच्या गटांत मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल अशी घट दिसली नाही. आणखी एक आकडा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. ज्यांचा निकाल ‘नाही’ असा आला त्यांच्यात पुढील वर्षांत कर्करोगाचे प्रमाण किती होते? एचपीव्हीने ‘नाही’ म्हटलेल्यांत दर लाखामागे ३.७, पेशी-तपासणीने ‘नाही’ म्हटलेल्यांत १५.५ आणि व्हीआयएने ‘नाही’ म्हटलेल्यांत १६.०. म्हणजे आमची नजर ज्यांना निर्धास्त घरी पाठवत होती, त्यांच्यातील काही जणींच्या बाबतीत ती चुकत होती. विषाणूची चाचणी त्यामानाने फारच कमी चुकली.

इतक्या निगराणीखाली तयार केलेल्या हातांनी आणि डोळ्यांनी काम केले, तरी ज्या चाचणीत डोळ्याला सर्वांत कमी काम होते तीच सरस ठरली. हे पचवायला मला वेळ लागला. एक सोपा निष्कर्ष लगेच समोर उभा राहतो: नजर शिकवण्याचा नाद सोडा आणि यंत्र आणा. पण तो निष्कर्ष अर्धाच खरा आहे, असे मला वाटते, आणि त्याचे कारण मुंबईत आहे. १९९८ पासून टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या झोपडवस्त्यांत अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या निधीतून दुसरा मोठा अभ्यास केला. तिथे तपासणी करणाऱ्या वस्तीपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्या होत्या, डॉक्टर किंवा परिचारिका नव्हेत. त्यांनी दोन-दोन वर्षांच्या अंतराने व्हीआयएच्या चार फेऱ्या केल्या, आणि त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याआधी तमिळनाडूतील दिंडिगुल जिल्ह्यात प्रशिक्षित परिचारिकांनी केलेल्या एकाच फेरीनेही मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००७ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले होते.

तीन ठिकाणी तीच तपासणी आणि निष्कर्ष वेगवेगळे. त्याची कारणे अभ्यासक आपापल्या परीने देतात; वयोगट, फेऱ्यांची संख्या, उपचार जागेवर देण्याची तयारी, अशी ती आहेत. माझा स्वतःचा कल असा आहे की डोळ्यावर आधारलेले कोणतेही निदान हे त्या डोळ्यामागच्या व्यवस्थेइतकेच चांगले असते. मुंबईत कार्यकर्त्यांच्या निकालांची तज्ज्ञांच्या निकालांशी पडताळणी होत राहिली आणि ते चांगले जुळत राहिले. चार फेऱ्या म्हणजे चार वेळा चूक सुधारण्याची संधी. पहिल्या फेरीत निसटलेला डाग तिसऱ्या फेरीत सापडू शकतो. यंत्राला निदान एवढे तरी कळते की नियंत्रण-नमुना चुकला तर निकाल द्यायचा नाही. माणसाच्या डोळ्यात असा नियंत्रण-नमुना कोणीतरी बाहेरून आणून ठेवावा लागतो, आणि संशोधन-प्रकल्पात तो ठेवला जातो कारण अखेरीस शोधनिबंध लिहायचा असतो. प्रकल्प संपला की परिचारिका तीच राहते, प्रमाणपत्र भिंतीवर राहते, पण तिच्या ‘हो’ला आणि ‘नाही’ला उत्तर देणारे कोणी राहत नाही. वर्ष-दोन वर्षांनी तिची नजर एकतर अतिसावध होते आणि प्रत्येक पांढरट छटेला पुढे पाठवू लागते, किंवा बोथट होते आणि काहीच पाठवत नाही. माझ्या तुकड्यांतून गेलेल्यांमध्ये मी दोन्ही पाहिले आहे, आणि दोष त्यांच्या माथी मारण्याचे धाडस मला होत नाही.

या अभ्यासांवरचा एक आक्षेप इथे टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. उस्मानाबादमधील तुलनेच्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या, आणि तपासणीने जीव वाचतो हे श्रीमंत देशांत कित्येक दशके माहीत असताना त्यांना तपासणीविना ठेवणे कितपत योग्य, असा प्रश्न देशातून आणि बाहेरूनही विचारला गेला. मुंबईच्या अभ्यासातील संमतीपत्रांच्या पुरेपणाबद्दल अमेरिकेच्या नियामकांनीही आक्षेप नोंदवला. संशोधकांचे म्हणणे असे की त्या गटाला जे मिळत होते तीच त्या काळची देशातील प्रत्यक्ष सेवा होती, आणि भारतात कोणती तपासणी उपयोगी पडेल हे तुलनेशिवाय कळले नसते. मला या उत्तरात तथ्य वाटते आणि तरीही ते पुरेसे वाटत नाही. कारण तुलनेचा गट न्याय्य ठरवायचा असेल तर त्यातून मिळालेले उत्तर त्याच स्त्रियांच्या गावांत, त्यांच्या मुलींच्या वेळी तरी, सेवा म्हणून पोहोचले पाहिजे.

ते पोहोचले का? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मांडलेल्या धोरणात २०३० पर्यंत ७० टक्के स्त्रियांची पस्तिशीपर्यंत आणि पुन्हा पंचेचाळिशीपर्यंत उच्च दर्जाच्या चाचणीने तपासणी व्हावी, असे उद्दिष्ट आहे, आणि २०२१ च्या मार्गदर्शनात एचपीव्ही चाचणीला प्रथम पसंती दिली आहे. त्या पसंतीमागच्या पुराव्यांत उस्मानाबादचे नाव आहे. भारताच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए सुचवली, आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अशी कोणतीही तपासणी कधी तरी झालेल्या जेमतेम १.९ टक्के निघाल्या. २०२० सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना हा कर्करोग होत होता आणि ७७ हजारांहून अधिक जणी त्याने दगावत होत्या. इतकी वर्षे अडचण किमतीची होती, हे खरे आहे. परदेशी संचांवर चालणारी चाचणी आरोग्य केंद्रापर्यंत नेणे कोणत्याही राज्याला परवडले नसते.

आता ती अडचण थोडी सैल होते आहे. गोव्यातील मॉलबायो कंपनीची ट्रूनॅट यंत्रे क्षयरोगासाठी आणि कोविडच्या काळात अनेक आरोग्य केंद्रांत पोहोचली. ती बॅटरीवर चालतात आणि एका वेळी एक-दोन नमुनेही लावता येतात. त्याच यंत्रावरील एचपीव्ही चाचणीची पडताळणी अलीकडे झाली, आणि त्या कामात दिल्लीच्या एम्ससारख्या भारतीय संस्थांबरोबर लियोंची तीच संस्था होती. म्हणजे क्षयाचा बेडका लावणाऱ्या तंत्रज्ञालाच उद्या गर्भाशयमुखाचा नमुना लावायला सांगता येईल, आणि तो ते शिकेलही. नमुन्याचे काडतूस (कार्ट्रिज) यंत्रात भरणे आणि पडद्यावरचा निकाल वाचणे यात अवघड काही नाही.

अवघड जे आहे ते यंत्राच्या अलीकडे आणि पलीकडे आहे, आणि मला भीती आहे की प्रशिक्षणाचे तास पुन्हा यंत्राभोवतीच जमतील. व्हीआयएत निकाल मिनिटात मिळतो, स्त्री समोर असते, उपचारही त्याच दिवशी करता येतो. एचपीव्हीचा निकाल काही तासांनी किंवा दिवसांनी येतो. तोवर ती कापसाच्या वेचणीला गेलेली असते, किंवा कार्तिकानंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर जिल्ह्याबाहेर. तिला परत बोलावायचे कोणी आणि कुठल्या फोनवर? आणि आली तर तिला सांगायचे काय? हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. ‘तुमच्या तपासणीत विषाणू आढळला आहे’ हे वाक्य नीट सांगितले नाही, तर ती बाई कॅन्सर झाला असे समजून खचते, किंवा घरात तिच्या चारित्र्यावर बोट ठेवले जाते, किंवा नवऱ्याचा विषय निघून भांडण पेटते. हा विषाणू बहुतेकींना कधी ना कधी होतो, बहुतेकींच्या शरीरातून आपोआप जातो, तो कधी आला हे कोणालाच सांगता येत नाही, आणि तो टिकून राहिला तरच वर्षानुवर्षांनी धोका होतो, हे चार वाक्यांत, सासू बाहेर बसलेली असताना, हळू आवाजात समजावणे हे निदानाचेच काम आहे. त्यानंतर विषाणू आढळलेल्या स्त्रीच्या गर्भाशयमुखावर उपचार करता येईल की नाही, ते ठरवायला पुन्हा कोणीतरी पाहावेच लागते. म्हणजे ज्या नजरेला यंत्राने पहिल्या पायरीवरून हटवले, तिची गरज दुसऱ्या पायरीवर तशीच उरते, फक्त आता ती कमी स्त्रियांवर आणि अधिक नेमकेपणाने वापरायची.

म्हणून येत्या तुकडीचा कार्यक्रम आखताना मी व्हीआयएची छायाचित्रे काढून टाकलेली नाहीत. त्यांच्या जोडीला निकाल सांगण्याच्या सरावासाठी एक पूर्ण दुपार ठेवली आहे, ज्यात एक परिचारिका रुग्ण होते, दुसरी तिची जाऊ होते आणि तिसरीला बोलायचे असते. प्रशिक्षण झाल्यावर प्रत्येकीने ‘हो’ म्हटलेल्या स्त्रियांचे पुढे काय निघाले, हे दर महिन्याला तिला परत कळवायचे, यासाठी जिल्हा रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलणे चालू आहे. त्यांची हरकत नाही. फक्त हे कळवण्याचे काम कोणाच्या कामाच्या यादीत लिहायचे आणि त्या वेळेचा मोबदला कोणत्या शीर्षकाखाली दाखवायचा, हे अजून ठरलेले नाही.